शेतकऱ्याच्या परसातील इतिहास

पुरातत्त्व हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लेणी, मंदिरे, ताम्रपट आणि नाण्यांनी भरलेले हंडे उभे राहतात. शाळेतील मुलांना सहलीस न्यावयाचे ते अजिंठ्यास, हंपीस किंवा आग्र्यास. एखाद्या ओसाड गावठाणावर त्यांना कोणी नेत नाही. सुंदर वास्तू पाहू नये, असे कोणीच म्हणणार नाही. परंतु मध्ययुगात ज्यांच्या श्रमावर ही मंदिरे आणि हे किल्ले उभे राहिले, ती माणसे खेड्यांत राहत होती, नांगर धरीत होती, गुरे राखीत होती आणि सारा भरीत होती. त्यांची घरे कोणत्या घडणीची होती? गोठा घराला लागून होता की दूर? अंगणाला वई होती की दगडी गडगा? सुगी झाल्यावर धान्य कोठे वाळवीत आणि कोठे साठवीत? या प्रश्नांची उत्तरे शिलालेखांत मिळत नाहीत. शिलालेख दान देणाऱ्याचे नाव सांगतो आणि घेणाऱ्याचे सांगतो. दान दिलेल्या जमिनीत राबणाऱ्याविषयी तो बहुधा मौन पाळतो.

माझे मत असे आहे की, शेतकऱ्याचे घर, गोठा, परस, वाडगे आणि बांध ही इतिहासाची साधने म्हणून कोणत्याही राजवाड्याहून कमी योग्यतेची नाहीत, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत नाहीशी होत असता आपण स्वस्थ बसणे योग्य नाही. हे मत केवळ भावनेपोटी मांडलेले नाही. इंग्लंडातील एका उजाड खेड्यात चाळीस वर्षे चाललेल्या उत्खननाने त्याला भक्कम आधार दिलेला आहे. म्हणून प्रथम त्या खेड्याची हकिगत सांगणे इष्ट होईल.

व्हॉरम पर्सीचे उजाड खेडे

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात खडूच्या दगडाच्या ज्या टेकड्या आहेत, त्यांच्या एका खोऱ्याच्या कडेला व्हॉरम पर्सी नावाचे ठिकाण आहे. तेथे आज छप्पर उडालेले एक चर्च उभे आहे आणि त्याच्या वरच्या अंगाला गवताने झाकलेले उंचवटे व खळगे दूरवर पसरलेले आहेत. सायंकाळी सूर्य खाली आला म्हणजे त्या उंचवट्यांच्या सावल्या लांब पडतात आणि जमिनीवर एखाद्या गावाचा नकाशा काढावा तशा रस्त्याच्या, घरांच्या आणि आवारांच्या रेषा स्पष्ट दिसू लागतात. १०८६ साली इंग्लंडचा राजा विल्यम याने जी डूम्सडे नावाची महसुली पाहणी करविली, तीत व्हॉरमची नोंद आहे. म्हणजे त्या वेळी तेथे नांदती वस्ती होती. पुढे इ. स. १५०० च्या सुमारास शेवटची कुटुंबे तेथून उठली. १५१७ साली सरकारने केलेल्या चौकशीत, जमीनदाराने चार नांगर बंद पाडले व चार घरे मोडू दिली, असे नमूद झाले. नांगरटीपेक्षा मेंढ्यांची लोकर अधिक किफायतीची ठरत होती; जेथे माणसे राहत होती, तेथे मेंढ्या चरू लागल्या.

अशी उजाड खेडी इंग्लंडात फार थोडी आहेत, असा विद्वानांचा पूर्वी समज होता. लीड्स विद्यापीठातील आर्थिक इतिहासाचे अध्यापक मॉरिस बेरेसफर्ड यांना मात्र जुने नकाशे व करांच्या याद्या चाळताना निराळेच दिसू लागले. कागदावर गावाचे नाव आहे, कर भरणारी कुळे आहेत. पण जमिनीवर जाऊन पाहावे तर नुसते कुरण! त्यांनी पायी हिंडून एकेक कुरण पाहिले आणि तेथील उंचवटे म्हणजे गाडली गेलेली घरे होत, हे ओळखले. १९५० साली त्यांनी व्हॉरम पर्सी येथे खणण्यास आरंभ केला. पुरातत्त्वाचे रीतसर शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते; घराची भिंत खरोखरच खाली आहे की नाही, एवढेच त्यांना पाहावयाचे होते. १९५२ साली जॉन हर्स्ट हे शिक्षित पुरातत्त्वज्ञ त्यांना येऊन मिळाले. तेव्हापासून १९९० पर्यंत दरवर्षी उन्हाळ्यात सुमारे तीन आठवडे, विद्यार्थी आणि स्वयंसेवक यांच्या साहाय्याने, हे काम अखंड चालले. इंग्लंडातील अशा उजाड मध्ययुगीन खेड्यांची संख्या दोन हजारांहून अधिक भरते, हे आज सर्वमान्य झाले आहे. एका माणसाच्या पायपिटीतून एक नवी विद्याशाखा उभी राहिली, असे म्हणावयास हरकत नाही.

खणण्याची पद्धत

येथे पद्धतीचा प्रश्न आला, आणि तो आपल्याही जिव्हाळ्याचा आहे. १९४४ ते १९४८ या काळात भारताच्या पुरातत्त्व खात्याचे महासंचालक असलेले मॉर्टिमर व्हीलर यांनी आपल्याकडील एका पिढीस चौकोनी खड्ड्यांच्या जाळीची पद्धत शिकविली. तीत प्रत्येक खड्ड्याभोवती न खणलेल्या मातीची भिंत राखून ठेवतात. त्या भिंतीत थरांवर थर स्पष्ट वाचता येतात आणि काळाचा क्रम बिनचूक लागतो. खोल थरांच्या मोठ्या नगरांसाठी ही पद्धत फार उपयोगी ठरली. परंतु शेतकऱ्याच्या घराची गोष्ट निराळी आहे. त्याच्या भिंतीचा पाया वीतभर उंचीचा. कधी दगडांची एक ओळ, तर कधी केवळ खांब रोवल्याचे काळसर खळगे. अशा वेळी दोन खड्ड्यांमध्ये राखलेल्या मातीखालीच नेमका घराचा कोपरा दडून राहतो. डेन्मार्कमध्ये अ‍ॅक्सेल स्टीन्सबर्ग हे संशोधक ग्रामीण घरे निराळ्या रीतीने, सबंध घर एकाच वेळी उघडे करून, खणीत असत. हर्स्ट यांनी ती रीत उचलली. घराबरोबर अंगणही उघडे केले, दगड न् दगड नकाशावर उतरविला आणि मगच त्याखालच्या थरास हात घातला. जेथे अवशेष कमी, तेथे काळजी अधिक लागते, हा धडा यातून घेण्याजोगा आहे.

या काळजीचे फळ काय मिळाले? गावातील प्रत्येक कुळास रस्त्याच्या कडेने एक लांबट आवार दिलेले होते. त्याच्या पुढील भागात घर व अंगण आणि मागील भागात परस व लहानसे शेत अशी रचना होती. ही आवारे सारख्या मापाची आणि एका रांगेत होती. म्हणजे गाव वाटेल तसे वाढलेले नसून कोणीतरी आखून वसविलेले होते. काही घरे अशी होती की, लांबट इमारतीच्या एका टोकास माणसे व दुसऱ्या टोकास गुरे राहत आणि मध्ये आडवा बोळ असे. घरातील जमीन मध्यभागी खोलगट झालेली आढळली. वर्षानुवर्षे झाडून झाडून ती झिजली असावी, असा तर्क उत्खनकांनी केला. मध्ययुगीन शेतकरी घाणीत लोळत होता, असे ज्यांना वाटते त्यांनी या झिजलेल्या जमिनीकडे जरूर पाहावे. घरात कुलपे आणि किल्ल्या सापडल्या. ज्याच्या घरी जपून ठेवण्याजोगे काही असते, तोच कुलूप लावतो. समुद्रातील माशांची हाडे मिळाली. म्हणजे टेकडीवरील हे गाव बाजारपेठेशी जोडलेले होते.

यापेक्षाही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट गावाबाहेरच्या शेतांतील आहे. तेथे जुन्या मडक्यांच्या लहान लहान खापऱ्या विखुरलेल्या मिळतात. शेतात कोणी स्वयंपाक करीत नव्हते. मग खापऱ्या आल्या कोठून? घरातील फुटके मडके उकिरड्यावर पडे आणि उकिरड्यातील खत गाड्यांतून शेतात जाई. तेव्हा ज्या शेतात खापऱ्या दाट, त्या शेताला खत भरपूर. जेथे विरळ, तेथे कमी. खापऱ्यांच्या मोजणीवरून सातशे वर्षांपूर्वीच्या खतावणीचा नकाशा काढता येतो! आपल्याकडील कोणत्याही शेतकऱ्यास ही गोष्ट समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

चर्चच्या आवारातून सुमारे सातशे माणसांचे सांगाडे अभ्यासासाठी काढण्यात आले. त्यांवरून लहान मुलांची वाढ आजच्या मुलांच्या मानाने बरीच मागे पडत असे, हे कळले. हाडांतील नत्राच्या प्रमाणावरून मुले साधारण दीड वर्षाची होईपर्यंत अंगावर पीत, असेही दिसून आले. कोणत्याही बखरकाराने ही माहिती लिहून ठेवली नव्हती, आणि ठेवणारही नव्हता.

पूर्वग्रहाची किंमत

आता मी माझ्या म्हणण्याच्या मुख्य भागाकडे येतो. प्रथम हर्स्ट यांचे मत असे होते की, ही घरे अगदी तकलादू असून पिढीगणिक, किंबहुना वीस-तीस वर्षांनी, मोडून नव्याने बांधली जात. एकाच जागी भिंतींच्या पायांच्या अनेक ओळी एकमेकींना छेदून गेलेल्या आढळत. त्यावरून हा निष्कर्ष काढलेला होता. पुढे १९८९ साली स्टुअर्ट रॅथमेल यांनी तोच पुरावा पुन्हा तपासला आणि निराळा अर्थ लावला. घराच्या छपराचा भार भिंतीवर नव्हताच; तो वाकड्या लाकडांच्या जोड्यांवर होता. एक मोठे वाकडे लाकूड उभे चिरून त्याच्या दोन फाळी समोरासमोर उभ्या केल्या की, वर त्या आढ्यापाशी मिळतात आणि कमानीसारखी मजबूत चौकट तयार होते. भिंत ही केवळ वाऱ्यापावसाला आडोसा. ती ढासळली की नवी घालावयाची. चौकट मात्र पिढ्यान् पिढ्या तशीच उभी राहावयाची. म्हणजे ज्याला आपण दहा निरनिराळी घरे समजत होतो, ते एकच घर दहा वेळा डागडुजी केलेले असू शकते!

या मतास पुढे निराळ्याच बाजूने पुष्टी मिळाली. इंग्लंडच्या मध्यभागातील खेड्यांत अशा चौकटींची कित्येक घरे अद्याप उभी आहेत व त्यांत लोक राहतात. त्यांच्या लाकडांतील वार्षिक वलये मोजून नॅट अल्कॉक व डॅन माइल्स यांनी त्यांचे काळ ठरविले आणि २०१३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांपैकी बहुतेक घरे १३८० नंतरच्या शतकसव्वाशतकात बांधलेली निघाली. ती सामान्य शेतकऱ्यांची घरे होती, आणि आज सहाशे वर्षांनंतरही ती उभी आहेत.

हर्स्ट यांच्यासारख्या साक्षेपी संशोधकाची प्रथम दिशा का चुकली असावी? पुरावा तोच होता. परंतु 'गरिबाचे घर म्हणजे खोपटे' ही समजूत आपणा सर्वांच्या मनात आधीपासूनच बसलेली असते, आणि डोळे तीच पाहतात. आपल्या विद्येतील सर्वांत मोठी अडचण हीच होय. जमिनीखालचा पुरावा खणून काढता येतो. मनातील पूर्वग्रह मात्र खणून काढणे कठीण जाते. ज्याच्याविषयी कागद बोलत नाहीत, त्याच्याविषयी आपण आपल्या कल्पनाच सत्य म्हणून लिहू लागतो. व्हॉरम पर्सीविषयीही लोक पूर्वी म्हणत की, १३४८-४९ च्या महामारीने गाव ओस पडले. महामारीने माणसे मेली हे खरे. परंतु गाव त्यानंतरही दीडशे वर्षे नांदत होते. लोकसंख्या घटली, मजुरी वाढली, धान्याचे भाव उतरले, लोकरीची किंमत टिकली आणि अखेरीस जमीनदाराने संधी साधली, असा हा लांबलेला क्रम आहे. एका रात्रीत ओस पडलेल्या गावाची कथा ऐकावयास बरी वाटते. इतिहास मात्र असा हळूहळू घडतो.

बांध आणि तासे

घरांबरोबर शेताच्या कुंपणांचाही विचार केला पाहिजे. मध्ययुगीन इंग्लंडात पुष्कळ ठिकाणी गावाची जमीन सामाईक शिवारात लांब अरुंद पट्ट्यांनी वाटलेली असे व त्यांच्यामध्ये वई नसे. पट्टा लांब का? तर जड नांगराला पुष्कळ बैल जुंपलेले असत, कधी कधी आठपर्यंत. एवढी मोठी जोडणी वळविणे कष्टाचे, म्हणून तास शक्य तेवढे लांब न्यावयाचे. आपल्याकडे मैलाच्या आठव्या भागास जो फर्लांग म्हणत असत, त्या शब्दाचा मूळ अर्थ 'नांगराच्या तासाची लांबी' असाच आहे. तासाच्या शेवटी बैल आधीपासून वळवावे लागत, त्यामुळे पट्ट्यांना सापासारखा हलका बाक येई. पुढे अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत कायद्याने ही सामाईक शिवारे वाटून त्यांना सरळ रेषेत कुंपणे घातली गेली. आजही विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत त्या सरळ कुंपणांखालून जुनी वाकडी तासे गेलेली दिसतात. ज्यांचा सामाईक चराईचा हक्क त्या वाटणीत गेला, त्यांची आणि ज्यांना जमीन मिळाली त्यांची, अशी दोघांचीही साक्ष त्या एकाच कुरणात आहे.

डार्टमूर या पठारावर हाउंड टॉर येथे १९६१ ते १९७५ या काळात जी घरे खणली गेली, तेथे ग्रॅनाइट दगडाच्या भिंती, गुरांसह राहण्याची लांबट घरे, लहान लहान वाडगी आणि धान्य वाळविण्याच्या भट्ट्या मिळाल्या. पावसाळी थंड हवेत उंचावर पिकविलेले धान्य उन्हात वाळत नसे, म्हणून त्यास आच द्यावी लागे. शेत कसण्याची धडपड कोठवर गेली होती, हे त्या भट्ट्या सांगतात.

अर्थात या विद्येतही भाबडेपणा कामाचा नाही. कुंपणाच्या ठरावीक लांबीत जितक्या जातींची झुडपे, तितकी शतके त्या कुंपणाचे वय, असा एक सोपा नियम मॅक्स हूपर यांनी मांडला होता. तो इतका लोकप्रिय झाला की, शाळांतील मुलेही झुडपे मोजीत हिंडली. पुढे पडताळून पाहता तो सर्वत्र लागू पडत नाही, असे दिसून आले. जमीन आणि लागवडीची रीत बदलली की हिशेब चुकतो. तथापि त्या मुलांनी कुंपणाकडे निरखून पाहिले, हा लाभ काही थोडा नव्हे.

आपल्याकडे काय करता येईल?

येथे एक आक्षेप येईल : इंग्लंडात दगड व लाकूड होते, आपल्याकडील मातीची घरे पावसात विरघळून गेली, त्यांचे काय उरणार? याचे उत्तर आपल्याच देशात मिळालेले आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात विस्तृत उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शंभराहून अधिक घरांचे अवशेष उघडकीस आले. ती घरे कुडाची आणि मातीची होती. तरीही त्यांच्या जमिनी, चुली, खांबांचे खळगे आणि धान्याच्या कणग्यांच्या जागा ओळखता आल्या. आधीची ऐसपैस चौकोनी घरे जाऊन शेवटी लहान गोल झोपड्या आल्या, यावरून त्या लोकांना पुढे वाईट दिवस आले, असेही अनुमान काढता आले. तीन हजार वर्षांपूर्वीचे मातीचे घर जर वाचता येते, तर सहाशे वर्षांपूर्वीचे का वाचता येऊ नये? साधन नाही असे नव्हे. इच्छा कमी पडली, असे म्हणणे अधिक खरे होईल. भारतातील मध्ययुगीन पुरातत्त्व मुख्यतः हंपी, चांपानेर, फत्तेपूर सिक्री अशा राजधान्यांभोवती वाढले. हंपीच्या परिसरात १९८० व १९९० च्या दशकांत जी पाहणी झाली, तीत तलाव, कालवे, शेते व लहान वस्त्या यांच्या नोंदी घेतल्या गेल्या. परंतु असे प्रयत्न अपवादानेच आढळतात.

दुसरा आक्षेप असा की, आपली जुनी गावे बहुधा आजच्या गावांखालीच आहेत. ती खणावयाची कशी? ही अडचण खरी आहे. परंतु सर्वच गावे नांदती राहिली नाहीत. महसुली भाषेत 'बेचिराग' हा एक शब्द आहे. ज्या गावात दिवा लागत नाही, ते बेचिराग. दुष्काळाने, फौजांच्या धुमाकुळाने, रोगाने किंवा पाणी आटल्याने अशी गावे देशाच्या सर्व भागांत ओस पडलेली आहेत. मराठीत वस्तीच्या जागेस 'पांढरी' आणि शेतजमिनीस 'काळी' म्हणतात. शतकानुशतके घरांची माती, राख आणि शेण एका जागी मिसळून जमिनीचा रंगच पालटतो, हे या शब्दाने केव्हाच टिपलेले आहे. प्रयोगशाळेत मातीतील स्फुरद मोजून जुनी वस्ती व जुना गोठा ओळखण्याची जी आधुनिक रीत आहे, तिचे मर्म आपल्या शेतकऱ्यास रंगावरून ठाऊक होते. म्हणूनच तो पांढरीची माती खत म्हणून शेतात नेतो. यात त्याचा दोष नाही. परंतु टेकाड मात्र दरवर्षी लहान होत जाते, आणि आता फावड्याऐवजी यंत्र आले असल्याने वर्षांचे काम एका दिवसात उरकते. इंग्लंडातही दुसऱ्या महायुद्धानंतर कितीतरी उजाड खेडी ट्रॅक्टर व बुलडोझर यांच्याखाली सपाट झाली. व्हॉरम पर्सी वाचले, कारण कोणीतरी वेळेवर त्याकडे पाहिले.

तिसरा आक्षेप पैशाचा. मंदिरे व किल्ले ढासळत असता उकिरड्यांवर खर्च कशास? यावर माझे म्हणणे एवढेच की, पहिले काम खणण्याचे नाहीच. ते नोंदण्याचे आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याने, ज्या जागेत किमान शंभर वर्षांपूर्वीचे ऐतिहासिक महत्त्वाचे अवशेष आहेत असे मानण्यास आधार असेल, ती जागा पुरातत्त्वीय स्थळ ठरू शकते. ती राजाची असावी, अशी अट त्यात नाही. उणीव कायद्यात नसून आपल्या दृष्टीत आहे.

आणि ही दृष्टी तयार करण्याचे काम शाळा व ग्रंथालये यांच्या हाती आहे. प्रत्येक तालुक्यातील शाळेने आपल्या पंचक्रोशीतील ओस गावठाणांची नावे वृद्धांना विचारून लिहून घ्यावी. जुने महसुली कागद ज्यांच्याकडे असतील, त्यांनी ते ग्रंथालयात नकलून ठेवू द्यावे. शेताशेताची नावे देणारे मराठेशाहीतील थळझाडे या कामी फार मोलाचे आहेत. टेकाडाचे माप घ्यावे, नकाशा काढावा, छायाचित्र घ्यावे. खणू मात्र नये. वरची खापरीही जागची हलवू नये, तिची जागा लिहून ठेवावी. उद्याचा संशोधक जेव्हा येईल, तेव्हा त्याला हीच नोंद उपयोगी पडेल.

बेरेसफर्ड यांच्याजवळ आरंभी जुन्या याद्या, नकाशे आणि चालण्याची आवड एवढेच होते. यांपैकी कोणतीही गोष्ट आपल्या खेड्यातील शिक्षकास दुर्मीळ नाही. ज्यांनी देशाचे अन्न पिकविले, त्यांच्या घराचा पाया कोठे होता एवढे तरी आपल्याला सांगता यावे, ही अपेक्षा फार मोठी नव्हे. परंतु ती पुरी करावयाची असेल, तर पांढरीची शेवटची टेकाडे शिल्लक आहेत तोवरच कामास लागले पाहिजे.